झोपलेली छत्री

आमच्या शाळेतल्या टॅबमध्ये प्रत्येक मुलाचं एक चित्र आहे. कुणाचा हत्ती, कुणाचा पतंग, कुणाची घागर. मुलानं आपल्या चित्रावर बोट ठेवलं की गणिताचं सॉफ्टवेअर त्याला ओळखतं आणि काल जिथं सोडलं होतं तिथून पुढची उदाहरणं देतं. काही दिवस कुणी बोट ठेवलं नाही की चित्र डोळे मिटतं आणि हळूहळू डुलायला लागतं. मी हे लिहितो आहे तेव्हा आमच्या चौथीतली एक छत्री अशी झोपलेली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, असं मी वर्गाला सांगून ठेवलं आहे. हेच मी गेल्या वर्षी सांगायला हवं होतं.

शाळा महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर. दोन शिक्षक, चार वर्ग. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी मूळचा राळेगावकडचा, घरी कापूस आणि तूर. नोकरीमुळे महागावात राहतो आणि रोज गाडीनं तांड्यावर जातो. इथली मुलं घरी गोरबोली बोलतात, माझ्याशी वऱ्हाडी आणि पुस्तकाशी पुस्तकासारखं. इतकी वर्षं होऊन मला त्यांची बोली थोडीफार कळते, बोलता येत नाही. मी बोलायला गेलो की मुलं तोंडावर हात धरून हसतात.

टॅब येण्याआधी मी वजाबाकी तुराट्यांवर शिकवत असे. तुरीच्या वाळलेल्या काड्या बोटाएवढ्या तोडायच्या, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधायचे. सुट्या काड्या कमी पडल्या की एक गठ्ठा सोडायचा. हातचा म्हणजे काय, हे मुलांना गठ्ठ्याची गाठ सोडताना कळायचं, त्याआधी मी फळ्यावर कितीही लिहिलं तरी नाही. मग एका संस्थेनं तालुक्यातल्या काही शाळांना टॅब दिले आणि तुराट्यांची टोपली कपाटावर गेली. मी ती रागानं ठेवली नव्हती. टॅब खरंच चांगले होते. प्रत्येक मूल आपापल्या गतीनं जायचं, बरोबर आलं की घंटी वाजायची, चुकलं की एक गोड आवाज म्हणायचा, पुन्हा प्रयत्न कर. माझ्या फोनवर सगळ्यांची चित्रं दिसायची. पुढे जाणारं हिरवं, अडकलेलं पिवळं, झोपलेलं लाल. मला वाटलं, आता माझ्या हातून एकही मूल निसटणार नाही.

छत्री जिची आहे, त्या मुलीनं ती स्वतः निवडली होती. तिसरीत होती तेव्हा. शांत मुलगी, जरा सावकाश, पण एकदा कळलं की पक्कं. टॅबमधल्या बाईचं पुस्तकी मराठी तिला पटकन कळत नसे. "एकूण किती उरले" असा प्रश्न आला की ती शेजारच्या मैत्रिणीकडे बघायची, मैत्रीण गोरबोलीत सांगायची आणि मग ही उत्तर द्यायची. काही जमलं नाही की मान हलवून म्हणायची, "आव कोनी." येत नाही. पण ते ती न लाजता म्हणायची, म्हणून मला आवडायचं. जे मूल येत नाही म्हणून मोकळेपणानं सांगतं, त्याला शिकवणं सोपं असतं. दसऱ्याच्या सुमाराला तिला हातच्याची वजाबाकी यायला लागली. मी टोपली एकदा खाली काढली होती, तिच्यासाठीच.

दिवाळी झाली की तांडा अर्धा रिकामा होतो. मुकादमाचा ट्रक येतो आणि माणसं ऊसतोडीला जातात, पार कारखान्यांच्या पट्ट्यात. मोठ्यांबरोबर लहानही जातात, कारण फडात धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. त्या वर्षी तीही गेली, मांडीवर भाऊ घेऊन.

इथं एक रीत आहे. जे घर कुलूप लावून उसाला जातं, त्याच्या दारासमोर शेजारची बाई सणावाराला झाडते आणि सडा टाकते. दार ओसाड दिसू नये, गेलेल्या माणसांना घराची काळजी वाटू नये, एवढाच त्यामागचा विचार. कुणी कुणाला सांगत नाही. ज्याला जे जमेल ते तो करतो.

काही आठवड्यांनी तिची ती शेजारची मैत्रीण मला म्हणाली, "सर, तिची छत्री झोपून राह्यली." मी म्हणालो, झोपू दे, ती आली की उठेल. मैत्रिणीला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं स्वतःची उदाहरणं संपवून छत्रीवर बोट ठेवलं होतं आणि तिच्या नावानं सोडवत बसली होती. बाकीची मुलंही मग आपापल्या गेलेल्या भावाबहिणींची, मित्रांची चित्रं उठवायला लागली. हत्ती जागा झाला, पतंग जागा झाला. त्यांच्या मनात लबाडी नव्हती. आया कुलूपबंद दारात सडा टाकतात, तेच ती मुलं टॅबवर करत होती.

मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. पहिल्या दिवशी मला खरोखरच गंमत वाटली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. नंतरचं तसं सांगता येणार नाही. कारण फोनवर लाल झालेली चित्रं एकेक करून हिरवी होत होती आणि मला ते बघायला आवडायला लागलं होतं.

त्याआधीच्या बैठकीत केंद्रप्रमुखांनी भिंतीवर सगळ्या शाळांचे रंग दाखवले होते. आमची शाळा सगळ्यात लाल. मुलं उसाला गेलीत, हे मी सांगितलं. ते म्हणाले, सर, कारणं सगळ्यांकडेच असतात. मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजींच्या शाळेत कुंकवाचा कारखाना निघाला वाटते," आणि सगळे हसले. मीही हसलो. पण गाडीवरून परत येताना तो टोमणा माझ्या डोक्यातून जात नव्हता. पुढच्या बैठकीत आमची शाळा हिरवी होती. स्थलांतर असूनही हे कसं जमवलं, ते सरांनी सर्वांना सांगावं, अशी विनंती झाली. मी उभा राहिलो आणि सातत्य, पालकसंपर्क, मुलांची एकमेकांना मदत असं काहीबाही बोललो. एकमेकांना मदत हे तर खरंच होतं. टाळ्या वाजल्या. माझ्या वयाच्या माणसाला टाळ्यांचं इतकं काय वाटावं, पण वाटलं.

गुढीपाडव्यानंतर ट्रक परतले. ती उन्हानं काळवंडून, हातावर उसाच्या पानांचे ओरखडे घेऊन शाळेत आली. येताच तिनं टॅब मागितला. फडात असताना तिनं भावाला सगळ्यात जास्त काय सांगितलं असेल तर छत्रीबद्दल, हे मला नंतर कळलं. तिनं चित्रावर बोट ठेवलं. छत्री जागीच होती. टुणकन उडाली आणि अपूर्णांकांची उदाहरणं समोर आली.

मैत्रीण तिला कौतुकानं काही सांगायला निघाली होती, तेवढ्यात मी मैत्रिणीला फळा पुसायला पाठवलं. का पाठवलं, ते तेव्हाच मला माहीत होतं. कुणाचं चित्र कुणी उठवलं ते परत आलेल्यांना सांगायचं नाही, असंही मी नंतर तिला आणि वर्गाला बजावलं.

मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. एक उत्तर दिलं. पुन्हा प्रयत्न कर. दुसरं दिलं. पुन्हा प्रयत्न कर. तो गोड आवाज मला तेव्हा पहिल्यांदा नकोसा वाटला. मग ती टॅब घेऊन माझ्या टेबलाशी आली. पडदा माझ्याकडे वळवून हळूच म्हणाली,

"सर, मले हे येत होतं काय?"

छत्रीखाली सोडवलेल्या पायऱ्यांच्या चांदण्या ओळीनं लागल्या होत्या. तिच्या नावाच्या. तिला वाटत होतं, हे सगळं आपणच कधीतरी केलं आणि आता डोक्यातून गेलं. एका वाक्यात मी तिला सोडवू शकलो असतो. हे तुझ्या मैत्रिणीनं केलं, तू वजाबाकीत होतीस, चल तिथूनच धरू. पण छत्री मागं आणायची तर टॅब देणाऱ्या संस्थेच्या ताईंना कळवावं लागणार होतं, त्या कारण विचारणार होत्या, आणि मग बैठकीतलं ते सातत्य, त्या टाळ्या. हे सगळं माझ्या मनातून जायला किती वेळ लागला असेल? ती अजून टॅब धरून उभी होती.

"सराव सुटला की होतं असं," मी म्हणालो. "येईल परत."

ती मान हलवून जागेवर गेली. त्यानंतर ती "आव कोनी" म्हणाली नाही. कधीच नाही. आधी येत नाही म्हणताना तिला लाज नव्हती, कारण ते अजून शिकायचं होतं. आता तिच्या हिशेबी ते गमावलेलं होतं.

उन्हाळा गेला, ती चौथीत आली. टॅबचा तास आला की ती पाणी भरायला उठायची, टॅब कपड्यानं पुसून सगळ्यांना वाटायची आणि आपला मैत्रिणीच्या हातात द्यायची. मुलं चिडवायची, "हिचं डोकं फडातच राह्यलं." तीही त्यांच्याबरोबर हसायची. एकदा स्वतःच म्हणाली, "माहं डोकं मुकादमानं ठेवून घेतलं." सगळा वर्ग हसला. मी तेव्हा हजेरी लिहीत होतो. मान वर केली नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही. तिला बाजूला घेऊन वजाबाकी देऊन बघितली. ती कागदाकडे बघायची, पेन्सिल टेकवायची आणि उचलायची. येणारं उत्तरही लिहायला ती घाबरत होती. मी टोपली काढली, तर तिनं तुराट्या नीट रचून पुन्हा टोपलीत ठेवल्या. ते पहिली-दुसरीतल्या पोरांचं, म्हणाली. टोपलीऐवजी मी तिला खरं सांगायला हवं होतं. ते सोडून मी बाकी सगळं करत होतो.

दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर शाळा भरली आणि दोन-तीन दिवसांत तिची आई दारात येऊन उभी राहिली. ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. तांड्यावरची बाई शाळेत सहसा येत नाही, आली तर आत येत नाही. मी बाहेर गेलो. तिनं सांगितलं की या साली पोरीची काकी उसाला जाणार नाही, पोरीला स्वतःजवळ ठेवायला तयार आहे. धाकटा आता चालतो, त्याला कसंही बघता येईल. म्हणजे पोरगी शाळेत राहू शकत होती. पण पोरगीच राहायला तयार नव्हती.

"ते म्हणते, मले काही येत नाही, मी इथं राहून काय करू. तुम्ही सांगा सर. तिच्या डोक्यात बसते का काही?"

मी खिशातून फोन काढला. मी तिला पडद्यावरची छत्री दाखवली आणि सांगितलं, हे बघा, हिरवी आहे, म्हणजे छान चाललं आहे, तुमची मुलगी अपूर्णांकापर्यंत पोहोचली आहे, ती फक्त घाबरते, तिला इथं ठेवाच. मला तिला थांबवायचं होतं. माझा हेतू चांगला होता, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगत होतो.

त्या बाईला वाचता येत नव्हतं. तिनं छत्रीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"तुमचा फोन म्हणते येते, पोरगी म्हणते येत नाही," ती म्हणाली. "माही पोरगी खोटं नाही बोलत सर."

मी फोन खिशात ठेवला. ती अजून जराशी थांबली. मी काही म्हणेन, असं तिला वाटलं असावं. मग पदर सावरून निघून गेली.

पहाटे मी अंधारातच महागावहून निघालो. तांड्यावर पोहोचलो तेव्हा ट्रक उभा होता, पत्रे, गोधड्या, भांडी चढवून झाली होती, काही बाया अजून खाली होत्या. आईला गाठून मी सगळं सांगितलं. छत्री कुणी जागी ठेवली, मला कधीपासून माहीत होतं, तुमची मुलगी काहीही विसरलेली नाही, तिला राहू द्या. ती एवढंच म्हणाली,

"हे काल सांगायचं होतं ना सर. काकी रातीच माहेराले गेली. आता कोणापाशी ठेवू?"

माझ्या घरी ठेवा, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी कोण, आणि माझ्या बोलण्यावर तिनं आता का विश्वास ठेवावा? ती वर चढत म्हणाली, मले नका सांगू, तिले सांगा.

मुलगी वर गोधड्यांच्या ढिगावर बसली होती, भावाला पोटाशी धरून. मैत्रीण तिला सोडायला आली होती, माझ्या शेजारीच उभी. इंजिन सुरू झालं होतं, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. इतक्या माणसांत, ओरडून, मी एका लहान मुलीला सांगितलं की ती विसरली नव्हती, ते तिनं केलंच नव्हतं, चूक माझी होती. ट्रकमधली माणसं काही न कळून माझ्याकडे बघत राहिली. तिनं आधी मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीनं मान खाली घातली, जणू चोरी तिनं केली होती. तिच्यावरही मी हे ओझं टाकलं, हे मला तेव्हा कळलं.

"मंग मी कुठं होती सर?" मुलीनं वरून विचारलं.

"वजाबाकीत. हातच्याच्या."

तिनं भावाच्या अंगावर गोधडी ओढली.

"तेवढं येते मले," ती म्हणाली.

ट्रक निघाला.

त्याच दिवशी मी संस्थेच्या ताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि माझ्याशी बोलता बोलताच छत्री मागं नेली. झालं सर, म्हणाल्या, एवढंच ना? एवढंच होतं. पाडव्याला केलं असतं तरी एवढंच होतं. त्या रागावतील म्हणून मी इतके महिने घाबरत होतो आणि त्यांना रागावायलाही फुरसत नव्हती. केंद्रप्रमुखांनाही सांगितलं. ते म्हणाले, सर, झालं ते झालं, बैठकीत नका काढू हा विषय. मी काढला. या वेळी कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी आपापल्या वहीत बघायला सुरुवात केली आणि त्यावरून मला काय कळायचं ते कळलं. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचा अधिकार नाही.

आता वर्गात पुन्हा बरीच चित्रं लाल आहेत. मैत्रीण अधूनमधून विचारते, "उठवू काय सर?" मी नाही म्हणतो. ती आपली उदाहरणं संपवून छत्री डुलताना बघत बसते.

दर रविवारी मी मुलीच्या आईच्या फोनवर फोन लावतो. बहुतेक वेळा लागत नाही. लागला तर फडात आवाज येत नाही. मागच्या रविवारी लागला. आईनं न बोलता फोन मुलीकडे दिला. मागं कोयत्यांचा आवाज येत होता, भाऊ रडत होता. मी तिची चौकशी केली, तिनं हो-नाही उत्तरं दिली. मग मी विचारलं, एक गणित घालू का. चालते, म्हणाली.

"त्रेपन्नातून अठ्ठावीस."

ती मोजत होती, ते मला तिच्या श्वासावरून कळत होतं. मग म्हणाली, "पस्तीस."

आठातून तीन पाच, पाचातून दोन तीन. हातचा शिकण्याआधी प्रत्येक मूल हेच उत्तर देतं. तिनं दसऱ्याला मागं टाकलेली चूक होती ती, एका वर्षापूर्वीच्या दसऱ्याला. ट्रकजवळ मी ओरडून सांगितलं होतं की ती काही विसरलेली नाही. पाडव्याला ती परतली तेव्हा ते खरं होतं. नंतरच्या महिन्यांत, तिनं भीतीनं पेन्सिल उचलून घेतली त्या त्या वेळी, ते थोडं थोडं गेलं असणार.

"बरोबर हाय ना सर?"

हो म्हणणं फार सोपं होतं. ती लांब होती, दमलेली होती, तिला बरं वाटलं असतं. पुन्हा प्रयत्न कर, हे शब्दही माझ्या तोंडातून निघेनात.

"नाही बाई," मी म्हणालो. "चुकलं."

पलीकडे नुसता कोयत्यांचा आवाज. मला वाटलं, तिनं फोन आईकडे दिला. मग तिचा आवाज आला.

"काहून?"

मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून बोलत होतो. तिथंच खाली बसलो. तिला म्हणालो, उसाची मोळी बांधता ना तुम्ही, तशा दहा-दहाच्या पाच मोळ्या आहेत समज, आणि वर तीन सुट्या कांड्या. आता मला आठ कांड्या दे. तीनच हाय, ती म्हणाली. मग कुठून आणशील, मी विचारलं.

ती काहीतरी म्हणाली. नेमकं काय ते कळलं नाही, कारण मागून आईनं तिला हाक मारली, भाऊ पडला होता की काय कोण जाणे, आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, परत लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

उद्या रविवार आहे. कपाटावरची टोपली मी घरी आणून ठेवली आहे. फोनवर तिला ती दिसणार नाही, हे मला कळतं. तरी दुपारी तुराट्या मोजून पुन्हा गठ्ठे बांधले. जुनी सुतळी कुजली होती.